अरेथा फ्रँकलिनची १९६१ची पहिली कोलंबिया तबकडी: जॅझ, पॉप की तेव्हाच सोल?

सूरपेटी
अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनबद्दल कुठेही वाचायला घ्या, एक विधान हमखास भेटतं: कोलंबिया कंपनीत तिची सहा वर्षं फुकट गेली, १९६७ साली अ‍ॅटलांटिक या दुसऱ्या कंपनीने हात दिला आणि तेव्हा कुठे खरी अरेथा जगाला कळली. माझ्या मते हे निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं खोडून काढायला तिची पहिलीच कोलंबिया तबकडी पुरेशी आहे.

तबकडीचं नाव नुसतं 'अरेथा', त्याखाली 'विथ द रे ब्रायंट काँबो', म्हणजे पियानोवादक रे ब्रायंटचा छोटा जॅझ ताफा. निर्माता जॉन हॅमंड. पहिलं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला, १ ऑगस्ट १९६० रोजी. अरेथाचा जन्म २५ मार्च १९४२चा, म्हणजे तेव्हा वय अठरा. फेब्रुवारी १९६१ मध्ये तबकडी बाजारात आली तेव्हाही एकोणीस पुरी व्हायला महिना बाकी होता.

एकूण बारा गाणी. त्यांत 'टुडे आय सिंग द ब्लूज'सारखा संथ ब्लूज आहे, १९३५च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातलं 'इट एन्ट नेसेसरिली सो' आहे, १९३९च्या सिनेमातलं 'ओव्हर द रेनबो' आहे आणि 'वोन्ट बी लाँग'सारखं थेट चर्चमधून उठून आल्यासारखं गाणंही आहे.

प्रश्न असा की ही तबकडी कोणत्या खणात ठेवायची: जॅझ, पॉप की सोल, म्हणजे चर्चच्या गॉस्पेल भक्तिगीतांतून आणि ब्लूजमधून घडलेलं गाणं? आणि नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कोणत्या गाण्यापासून आणि कोणत्या आवृत्तीतून करावी?

बारा_मात्रा
चांगला विषय. खणाच्या प्रश्नाला माझं उत्तर: साथ जॅझची, गाण्यांची निवड पॉप आणि ब्लूजची, गळा गॉस्पेलचा. या तिन्हींचा सांधा जिथे जुळतो ती गाणी आजही ताजी वाटतात. जिथे जुळत नाही तिथे गाणं चांगलं असूनही गाणारी पाहुणी वाटते.

सुरुवात 'वोन्ट बी लाँग'पासूनच करा. पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं आहे आणि पियानो खुद्द अरेथा वाजवतेय. डाव्या हाताचे ठोके ऐका. जॅझमधला पियानोवादक गायिकेच्या मागे जागा सोडत सोडत वाजवतो. इथे तसं काही नाही, दोन्ही हात भरून तालावर आघात चालले आहेत. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये, वडिलांच्या प्रवचनांच्या आगेमागे, ती हेच वाजवत वाढली.

अण्णा_सातारकर
पण तिला पियानोवर बसवलं ते अ‍ॅटलांटिकचा निर्माता जेरी वेक्सलरने ना? १९६७ साली, मसल शोल्सला. सगळीकडे तसंच वाचलंय.

बारा_मात्रा
अण्णा, तिला चर्चमध्ये परत नेलं, पियानोवर बसवलं आणि मोकळं सोडलं, अशा आशयाचं वेक्सलर स्वतःच सांगत असे, म्हणून ते सगळीकडे पसरलं. २४ जानेवारी १९६७ला मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत जे घडलं त्याचं महत्त्व कमी करायचं कारण नाही. पण कोलंबियाच्या पहिल्याच तबकडीत ती पियानोवर होती, त्यामुळे वेक्सलरने 'बसवली' म्हणण्यापेक्षा 'परत बसवली' म्हणणं जास्त बरोबर.

सूरपेटी
अगदी हाच माझा मुद्दा. मधल्या वर्षांत तिला पियानोच्या बाकावरून उठवलं कुणी आणि कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

नीलगंधार
उठवलं असं म्हणायला एखादा खलनायक लागतो, आणि इथे तो नाही. बाजाराचं गणित समजून घेतलं की उलगडा होतो. १९६० साली अमेरिकेत दोन वेगळे ग्राहक होते. तरुण मुलं मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी घेत. मोठी, ३३⅓ फेऱ्यांची तबकडी घेणारे बहुतांशी कमावते प्रौढ. त्यांना ओळखीची नाट्यगीतं आणि सिनेमागीतं हवी असत, नीटस साथीत. सपर क्लबात (जेवताना गाणी ऐकवणाऱ्या क्लबात) गाणाऱ्यांची बिदागीही याच गाण्यांवर ठरे. त्यामुळे तरुण कृष्णवर्णीय गायकाला 'मोठं' करायचं म्हणजे त्याच्याकडून ही गाणी गाऊन घ्यायची, असा सरळ हिशोब होता.

रे चार्ल्सने १९५९ मध्ये 'द जीनियस ऑफ रे चार्ल्स' केली तीही याच धर्तीवर. एका बाजूला बिग बँड, दुसरीला तारवाद्यं. मार्विन गेची १९६१ची पहिली तबकडी बहुतेक अशाच जुन्या गाण्यांची होती आणि ती चालली नाही. म्हणजे कोलंबियाने अरेथाला काही जगावेगळं करायला लावलं नाही.

हॅमंडचा पिंडही लक्षात घ्या. बिली हॉलिडेला पुढे आणणारा, काउंट बेसीला न्यूयॉर्कला आणणारा माणूस तो. गीतकार कर्टिस लुईसने आणलेल्या नमुना-मुद्रणात त्याने अरेथाचा आवाज ऐकला आणि बिली हॉलिडेनंतर असा आवाज ऐकला नाही असं त्याचं मत झालं. साहजिकच त्याच्या डोळ्यांसमोर जॅझच्या छोट्या ताफ्यासमोर उभी असलेली गायिका होती. रे ब्रायंट त्याला सोयीचा, कारण जॅझमध्ये माइल्स डेव्हिस आणि सनी रोलिन्ससोबत वाजवूनही त्याच्या हातातून ब्लूज आणि गॉस्पेल कधी गेलं नव्हतं.

पिवळी_जास्वंद
माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली आहे. मला जॅझ फारसं कळत नाही, पण 'टुडे आय सिंग द ब्लूज' ऐकताना अंगावर काटा येतो. त्यात नक्की काय चाललंय ते कुणी सोपं करून सांगेल का?

नीलगंधार
प्रयत्न करतो. बाहेरून चार ठोके मोजा, अगदी संथ. प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन-तीन मात्रा आहेत, म्हणजे एका आवर्तनात बारा. पियानोचा उजवा हात त्या बारा मात्रा टिपत राहतो. हे एकदा कानात बसलं की मग फक्त आवाजाकडे लक्ष द्या. अरेथा ओळ ठोक्यावर सुरू करत नाही, ठोका जाऊ देते, मग शब्द टाकते, आणि ओळ संपताना बरोबर जागेवर येते.

दुसरं म्हणजे गंधार. आपल्या भाषेत कोमल आणि शुद्ध यांच्या मधला. ती कोमलावर उभी राहून शुद्धाकडे झुकते, पण पोचत नाही. पियानोच्या दोन पट्ट्यांमध्ये हा स्वरच नाही, म्हणून पियानो एक सांगतो आणि गळा दुसरं. काटा येतो तो त्या घर्षणामुळे.

तिसरं, आवाजाचा पोत. चढ्या सुरावर ती आवाज पातळ करत नाही, छातीतूनच वर नेते आणि कडेला किंचित खर सोडते. अठराव्या वर्षी हे करताना गळा मोकळाच राहतो, ताण ऐकू येत नाही. चर्चमध्ये लहानपणापासून माइकशिवाय गाण्याचा हा परिणाम.

टेम्सकाठी
याच गाण्याची जोडी लावून ऐका. अरेथाने ते १९६८ मध्ये अ‍ॅटलांटिकसाठी पुन्हा गायलं, 'सोल '६९' या तबकडीवर (बाजारात जानेवारी १९६९). तिथे मोठा ताफा, दणदणीत ब्रास, संयोजन आरिफ मार्दिनचं. वादकांत रॉन कार्टर, केनी बरेल, जो झाविनुल अशी जॅझमधली बडी मंडळी.

मजा अशी की तबकडीच्या नावात 'सोल' आणि आत जवळपास बिग बँड जॅझ. म्हणजे यशाच्या शिखरावर असताना, हवं ते करायची मोकळीक असताना, तिने जॅझच निवडलं. कोलंबियाने तिच्यावर जॅझ लादलं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ऐकायचा क्रम: आधी १९६०, मग १९६८, मग परत १९६०. दुसऱ्या खेपेला १९६०चं मुद्रण कोवळं न वाटता काटकसरी वाटू लागतं.

अण्णा_सातारकर
टेम्सकाठी, आत्ताच दोन्ही लागोपाठ ऐकली. काटकसर हा बरोबर शब्द. मला तर पहिलंच जास्त भावलं.

तबकडीवाला
आवृत्तीच्या प्रश्नावर कुणीच काही बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ अमेरिकन तबकडी दोन रूपांत आली. मोनोचा क्रमांक सीएल १६१२, स्टिरिओचा सीएस ८४१२. दोन्हींतला फरक ६८००. त्या सुमारापासून पुढे कोलंबियाने हाच फरक धरला, अरेथाच्या पुढच्या तबकड्यांनाही तो लागू पडतो: १७६१ आणि ८५६१, १८७६ आणि ८६७६, २०७९ आणि ८८७९. विक्रेत्याने एकच क्रमांक दिला असेल तर दुसरा काढता येतो आणि वेष्टन एकीचं, तबकडी दुसरी असा घोळ लगेच उघडा पडतो. हा घोळ सर्रास होतो, कारण दोन्ही वेष्टनांवरचं चित्र सारखंच.

पहिल्या छपाईचं लेबल लाल, त्यावर डावी-उजवीकडे तीन-तीन अशा सहा डोळ्यांसारख्या खुणा. १९६२ पासून दोन डोळ्यांचं लेबल आलं, म्हणजे दोन डोळ्यांची प्रत ही नंतरची छपाई. लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक बघा: मोनोचा 'एक्सएलपी'ने सुरू होतो, स्टिरिओचा 'एक्सएसएम'ने. शेवटी '१ए', '१बी' असं काही असतं. त्यावरून तो साचा कितवा ते कळतं.

घेण्याआधी तपासायचं गाणं एकच: दुसऱ्या बाजूचं शेवटचं. ते नेमकं 'टुडे आय सिंग द ब्लूज' आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, पण काठाजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत दाबून बसवलेला असतो. साठच्या दशकातल्या सुईच्या जड दांड्यांनी सर्वात जास्त नुकसान तिथेच केलेलं असतं. 'स' आणि 'श'वर फिस्कटलेला, चरचरीत आवाज आला तर खाच खरवडली गेली आहे. धुऊन ते जात नाही. फक्त टिकटिक येत असेल तर ती घाण असू शकते, ती धुतल्यावर कमी होते.

सूरपेटी
तबकडीवाले, अशाच प्रतिसादाची वाट बघत होते. मोनो घ्यावी की स्टिरिओ?

तबकडीवाला
माझं मत मोनो. त्या काळी तीन ट्रॅकांवर मुद्रण करून नंतर दोन बाजूंना वाटत. आवाज मधोमध, वाद्यं एकदम या टोकाला किंवा त्या टोकाला. खोलीत स्पीकरवर ठीक वाटतं, हेडफोनवर ताफा आणि गायिका वेगवेगळ्या खोल्यांत असल्यासारखी. या तबकडीचा जीव पियानो आणि गळा यांच्या रस्सीखेचीत आहे. मोनोत ती एकाच ठिकाणाहून येते.

मोनो तबकडी स्टिरिओ सुईवर वाजवली तर खाचेतली उभी खरखर विनाकारण ऐकू येते, कारण मोनोचा आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोची कळ असेल तर दाबा. दोन्ही वाहिन्या मिसळल्या की उभी खरखर एकमेकींना बरीच खोडते. कळ नसेल तर संगणकावर उतरवून घेताना दोन्ही वाहिन्या एकत्र करा.

धुण्यासाठी: १ लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात ५० ते १०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रावणाचे २-३ थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवायचं, आडवं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं, नाहीतर द्रावणाचा थर खाचेत सुकतो आणि सुईवर गोळा होतो. लेबल भिजू द्यायचं नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात जुन्या कागदी पिशवीला बुरशी लागते आणि तीच तबकडीवर उतरते, म्हणून आतली पिशवी आधी बदला. अल्कोहोलचं हे मिश्रण ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अजिबात लावू नका, लाख विरघळते.

मांडवीकाठ
मुंबईच्या चोरबाजारात किंवा पणजी-मडगावला जुन्या तबकड्या चाळणाऱ्यांसाठी एक सूचना. भारतात 'कोलंबिया' लेबलाच्या ढिगाने तबकड्या सापडतात, पण ते लेबल ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं, म्हणजे ईएमआयच्या घराण्यातलं. अमेरिकन कोलंबियाशी १९६० साली त्याचा संबंध उरला नव्हता. त्यामुळे 'कोलंबिया' दिसलं म्हणून अरेथा मिळेल या आशेने ते खोके उपसू नका. ब्रिटनमध्येही हाच पेच होता, म्हणून तिकडे ही तबकडी फोंटाना लेबलावर निघाली.

पिवळी_जास्वंद
आणि ज्यांच्याकडे तबकडी वाजवायचं यंत्रच नाही त्यांनी?

टेम्सकाठी
सीडीवर सर्वात भरवशाचा संच म्हणजे २०११ चा 'टेक अ लुक: अरेथा फ्रँकलिन कम्प्लीट ऑन कोलंबिया'. अकरा सीडी आणि एक डीव्हीडी. त्यात अप्रकाशित गाणीही आहेत.

युरोपातल्या स्वस्त 'एका सीडीत दोन तबकड्या'पासून जपून. तिकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो सत्तरवर नेला, पण १९६३च्या आधी प्रसिद्ध झालेली मुद्रणं तोवर हक्कातून सुटली होती आणि ती परत आत घेतली नाहीत. त्यामुळे अरेथाच्या १९६१ आणि १९६२च्या तबकड्या कुणीही छापू शकतो. मूळ फीत यांच्याकडे नसते. कुठल्यातरी सीडीवरून उतरवून, आवाज फुगवून, खरखर घालवण्याच्या नादात पियानोची वरची धार घासून टाकलेली असते. ओळखायचं कसं? 'वोन्ट बी लाँग'मध्ये झांज आणि पियानोचे वरचे स्वर कापसात गुंडाळल्यासारखे वाटले तर समजा तीच प्रत. ऑनलाइन ऐकतानाही नावाखाली सोनी किंवा कोलंबिया आहे का ते बघून घ्या.

अण्णा_सातारकर
'ये!!!' नावाची जिवंत मैफलीची तबकडीपण याच काळातली ना? टाळ्या काय पडतात तिच्यात!

टेम्सकाठी
अण्णा, टाळ्या नंतर चिकटवलेल्या आहेत. १९६५ची ती तबकडी स्टुडिओत केलेली. चार जणांची साथ, गिटारवर केनी बरेल. वर मैफलीचा माहोल चढवला. २०११च्या संचात तीच गाणी बिनटाळ्यांची आहेत. ती ऐका, कारण पहिल्या तबकडीनंतर छोट्या जॅझ ताफ्यासोबत इतकी मोकळी अरेथा परत तिथेच सापडते.

अण्णा_सातारकर
इतकी वर्षं खोट्या टाळ्यांत मीही टाळ्या मिसळत होतो म्हणायचं! असो, गाणं खरं आहे.

बारा_मात्रा
सूरपेटींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, उठवलं कशाने. तीन टप्पे दिसतात.

पहिल्या तबकडीवरचं 'वोन्ट बी लाँग' आर अँड बी (मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या) यादीत सातव्या क्रमांकावर गेलं, पण पॉपच्या यादीत ७६ व्या. त्याआधी 'टुडे आय सिंग द ब्लूज' आर अँड बीत दहावं. कंपनीने यातून अर्थ काढला की कृष्णवर्णीय श्रोते आहेतच, आता गोरे श्रोते मिळवायचे. त्याच वर्षी 'रॉक-अ-बाय युअर बेबी' हे जुनं रंगमंचीय गाणं पॉप यादीत ३७ व्या क्रमांकावर पोचलं. कोलंबियाच्या साऱ्या काळात पहिल्या चाळीसांत गेलेलं तिचं हे एकच गाणं. झालं, दिशा ठरली. त्याच छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला 'ऑपरेशन हार्टब्रेक' होतं, ते आर अँड बीत सहाव्या क्रमांकावर गेलं. त्याकडे जितकं लक्ष द्यायला हवं होतं तितकं दिलं नाही.

मग निर्माता रॉबर्ट मर्सीचा काळ, १९६२ ते १९६४. तारवाद्यांचे मोठे ताफे. त्यानंतर क्लाइड ओटिस, 'रनिन' आउट ऑफ फूल्स', दुसऱ्यांनी गाजवलेली गाणी. दर निर्मात्यागणिक नवी अरेथा घडवायचा घाट. एकाच आवाजावर इतके वेगळे साचे चालवले की ग्राहकाला तिची ओळखच पटेना.

मांडवीकाठ
यात एक गोष्ट निर्णायक आहे आणि तिचा उल्लेख अजून झाला नाही: अरेथा स्वरलिपी वाचत नव्हती. सगळं कानाने.

गोव्यात चर्चच्या शाळेतून पोरगं बाहेर पडे ते सोल्फेज (सा-रे-ग सारख्या नावांनी स्वर वाचायचा सराव) घोकून, व्हायोलिन हातात घेऊन आणि कागद वाचायला शिकून. म्हणून ती मंडळी मुंबईत हॉटेलांच्या जॅझ ताफ्यांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत इतकी चपखल बसली. सेबॅस्टियन डिसूझांसारखे संयोजक संगीतकाराची चाल ऐकून तीस-चाळीस वादकांचे कागद लिहीत. डेट्रॉइटचं बॅप्टिस्ट चर्च याच्या उलट. तिथे कागद नाही. प्रवचनकार बोलतो, सभा उत्तर देते, पियानोवाला त्याच क्षणी ठरवतो की आता लय चढवायची की थांबायचं.

आता तारवाद्यांचा ताफा घ्या. पंचवीस वादक, कागद आधी लिहिलेले, स्टुडिओचे तास मोजलेले. गायिकेला वाटलं की ही ओळ दोनदा म्हणावी, तर ताफा पुढे निघून गेलेला. पहिल्या तबकडीत चार-पाच वादक तिच्याकडे बघत वाजवत होते, ती थांबली तर तेही थांबत. अ‍ॅटलांटिकमध्ये परत हेच झालं: ती पियानोवर गाणं मांडे, स्वरसंगती आणि लय तिथेच ठरे, बाकीचे त्याभोवती आपापलं वाजवणं जुळवून घेत. फरक जॅझ आणि सोलमध्ये नव्हता. लगाम कुणाच्या हातात, यात होता.

सूरपेटी
मांडवीकाठ, हे मला नेमकेपणाने मांडता येत नव्हतं. शंभर टक्के सहमत.

नीलगंधार
मी शंभर टक्के नाही. हा सिद्धांत देखणा आहे, पण 'स्कायलार्क' त्यात बसत नाही. १९६३ची 'लाफिंग ऑन द आउटसाइड' ही तबकडी, समोर मर्सीची लिहून काढलेली तारवाद्यं, आणि तरीही अरेथाने त्या गाण्यात जे केलंय ते पहिल्या तबकडीतल्या निम्म्या गाण्यांपेक्षा सरस आहे. चढा स्वर घेताना ती अचानक एक मजला वर जाते आणि तिथून सावकाश उतरते. ताफा मुळीच आड येत नाही.

गायिका डायना वॉशिंग्टनला वाहिलेली 'अनफर्गेटेबल' घ्या. डायना डिसेंबर १९६३ मध्ये गेली, तबकडी १९६४च्या सुरुवातीला आली. 'धिस बिटर अर्थ'मध्ये तारवाद्यं आहेत आणि अरेथाही पुरती आहे. त्यामुळे लिहिलेला कागद आला की अरेथा गेली असं समीकरण मांडू नये.

मांडवीकाठ
मान्य, 'स्कायलार्क' अपवादात्मक आहे. पण तिथे लय इतकी सैल आहे की ताफ्याने मुद्दाम जागा सोडली आहे. मध्यम लयीच्या गाण्यांत बघा. त्याच काळातली उडती गाणी ताफ्यासह ऐका आणि मग 'वोन्ट बी लाँग' लावा.

नीलगंधार
मध्यम आणि द्रुत लयीपुरतं बोलत असाल तर वाद मिटला. ठेका तिचा स्वतःचा असावा लागतो, हे खरं.

टेम्सकाठी
पहिल्या तबकडीतही ही फट दिसते. 'ओव्हर द रेनबो' ऐका. मूळ चालीत पहिल्याच शब्दात षड्जावरून थेट तार षड्जावर उडी आहे. अरेथाला ती उडी सोपीच, पण पुढच्या सरळ, गोड चालीत तिच्या हरकतींना फारशी पकड मिळत नाही. शब्द ताणते, सजवते, तरी गाणं तिचं होत नाही. 'इट एन्ट नेसेसरिली सो' मात्र झकास जमलंय. बायबलमधल्या गोष्टींवर शंका घेणारं खोडकर गाणं, प्रवचनकाराची मुलगी गातेय, आणि सभेला प्रश्न विचारावा तशी प्रत्येक ओळ टाकतेय. ऐकणाऱ्याने 'हो' म्हणावं इतकी जागा ती मध्ये ठेवते.

'आर यू शुअर'ही तसंच. १९६०च्या ब्रॉडवे संगीतिकेतलं गाणं, पण ती त्याची सरळ प्रार्थनासभा करून टाकते.

पिवळी_जास्वंद
म्हणजे ही तबकडी अख्खी ऐकण्यासारखी आहे की निवडून?

टेम्सकाठी
पहिल्यांदा निवडून, या क्रमाने: 'वोन्ट बी लाँग', 'टुडे आय सिंग द ब्लूज', 'आर यू शुअर', 'इट एन्ट नेसेसरिली सो', 'मेबी आय'म अ फूल'. कान सरावले की मग पहिल्यापासून. 'स्वीट लव्हर' आणि 'लव्ह इज द ओन्ली थिंग' ही भरतीची गाणी आहेत, पण तिथेही ट्रॉम्बोनवाला कान देऊन ऐकावा. वाद्याच्या तोंडावर बशीसारखं झाकण लावून वाजवतो तेव्हा आवाज माणसाच्या बोलण्याच्या जवळ जातो.

अण्णा_सातारकर
ब्रिटिश गायिका एमी वाईनहाउसची 'फ्रँक'पण अशीच ना? जॅझपासून सुरुवात, नंतर सोल.

नीलगंधार
वरवर सारखी. 'फ्रँक' २००३ची, एमी वीस वर्षांची. पण तिने बरीचशी गाणी स्वतः लिहिण्यात भाग घेतला होता, आणि तालाचा पाया हिप-हॉपचा, निर्माता सलाम रेमीचा. जुनी जॅझ गाणी तिच्यासाठी निवडलेला वारसा होती. १९६० साली अरेथासमोर ती चालू बाजारातली गाणी होती. त्यामुळे मागे वळून बघण्याचा भाव 'फ्रँक'मध्ये आहे, 'अरेथा'त नाही. तुलना करायचीच तर १९५६ साली चौदाव्या वर्षी चर्चमध्ये मुद्रित झालेल्या तिच्याच गॉस्पेल गाण्यांशी करा. 'वोन्ट बी लाँग'मधला पियानो कुठून आला ते तिथे सरळ दिसतं.

बारा_मात्रा
खणाच्या प्रश्नावर एक पुरवणी. 'डाउन बीट' या जॅझच्या मासिकाने १९६१ मध्ये तिला नव्या गायिकांमधली उगवती तारका म्हणून निवडलं आणि १९६२ साली ती न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात गायली. म्हणजे त्या वेळच्या जॅझवाल्यांनी तिला आपली मानलं होतं. कोलंबियाचा हिशोब फसला तो विक्रीत.

सूरपेटी
मग मी खण बदलते. आतापर्यंत ही तबकडी 'सोलच्या आधी' अशा ढिगात होती. आता ती रे चार्ल्सशेजारी ठेवते आहे, आणि 'सोल '६९' तिच्या लगेच पलीकडे. मधल्या मर्सीच्या तबकड्यांपैकी 'लाफिंग ऑन द आउटसाइड' आणि 'अनफर्गेटेबल' नीलगंधार म्हणतात तशा पुन्हा ऐकून मग बोलते.

तबकडीवाले, एक शंका राहिली: सहा डोळ्यांच्या मोनो प्रतीवर सुईचा भार किती ठेवावा?

तबकडीवाला
सुई बनवणाऱ्याने दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या टोकाजवळ. नेहमीच्या लंबगोल सुईला साधारण १.५ ते २ ग्रॅम असतो, तर १.८ ते २ धरा. कमी ठेवला की सुई खाचेत डुलते आणि जास्त खरवडते, हे बऱ्याच जणांना उलट वाटतं. भार मोजायचा छोटा काटा घ्या, दांड्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आणि सुई लावायच्या आधी दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरांवर उजेड तिरपा पाडून बघा. खाच करडी, मंद दिसली तर ती प्रत सोडून द्या, दुसरी शोधा.